नवी खुर्ची

विमानतळावर चाकाची खुर्ची ढकलणारे आम्ही, माणसाला माणूस म्हणत नाही. खुर्ची म्हणतो. 'गेट बाराला दोन खुर्च्या पाठवा.' 'एक खुर्ची संडासात गेलीय, थांबलोय.' 'खुर्ची रडतेय, काय करू?' दिवसभर वॉकीटॉकीवर हेच चालतं. प्रवाशाचं नाव हवेत घ्यायचं नाही असा नियम आहे. नाव चिठ्ठीवर, चिठ्ठी आमच्या खिशात. ज्याची चिठ्ठी माझ्या खिशात, ती माझी खुर्ची. नवा माणूस घेतला तर आधी 'नवी खुर्ची' म्हणायचं, म्हणजे कंट्रोल रूममध्ये नवी नोंद होते. आणि गेटवरच्या माणसाने चिठ्ठीवर सही करेपर्यंत खुर्ची सोडून जायचं नाही. भूक लागो, हगवण लागो, घरी कोणी मरो. सही नाही तर सुटका नाही.

खुर्च्यांच्या तीन जाती. आर म्हणजे लांबचं चालवत नाही. एस म्हणजे जिने चढवत नाहीत. सी म्हणजे जागचं उठवत नाही. सी असेल तर डॉक्टरचा कागद लागतो. कागद नसेल तर विमानातून नाव कापतात. त्याला आम्ही 'खुर्ची उतरवली' म्हणतो, ती अजून चढलेली नसली तरी.

हे सगळं आधीच सांगून टाकतो, कारण त्या दिवशी मी जे शेण खाल्लं ते यातूनच खाल्लं.

दुपारी माझ्याकडे एक म्हातारा शिंपी होता. आर. गेट एकतीस, साडेतीनचं विमान. पंचावन्न वर्षं कपडे शिवलेला माणूस. त्याच्याबरोबर सोडायला आलेले सगळे त्याला मास्तर म्हणत होते, म्हणून मीही म्हणालो. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी मान वळवून माझा युनिफॉर्म न्याहाळला.

"कॉलर कोणी शिवली ही?"

"कंपनीने दिलीय, मास्तर."

"त्या माणसाला आधी पोती शिवायला बसवायचं. मग हळूहळू माणसांकडे वळवायचं."

पासपोर्टवर शिक्का बसला, तपासणी झाली, आम्ही आतल्या बाजूला आलो. तेवढ्यात बायकोचा फोन आला. ड्यूटीवर असताना ती कधी फोन करत नाही.

"अहो, मुंगी गेली."

मुंगी माझी धाकटी बहीण. अंगाने एवढीशी, आणि लहानपणापासून सतत काहीतरी उचलून इकडून तिकडे नेत असायची, म्हणून मुंगी.

"गेली म्हणजे? कुठे?"

"आता तुमच्याच विमानतळावर असेल. टोपीवाला गाडी घेऊन आला होता."

"पासपोर्ट कपाटात आहे. कुलपात."

"होता."

"किल्ली माझ्या खिशात आहे."

"एक तुमच्या खिशात आहे," बायको म्हणाली. "मीच काढून दिला. घरी आल्यावर काय बोलायचं ते बोला." आणि फोन बंद.

टोपीवाला म्हणजे एजंट. परदेशात घरकामाला, म्हातारी माणसं सांभाळायला बायका नेतो. गर्दीत हरवू नयेत म्हणून प्रत्येकीच्या डोक्यावर पिवळी टोपी चढवतो. मेंढरांच्या पाठीवर रंग मारतात, तसं. गेल्या वर्षी त्यातलीच एक परत आली, ती माझ्या खुर्चीत. पंचविशीची असेल. दोन्ही पाय प्लास्टरमध्ये. काय झालं विचारलं तर म्हणाली, "जिन्यावरून पडले." अख्ख्या वाटेत तिने एकच गोष्ट विचारली, "बाहेर कोणी आलंय का?" कोणी आलं नव्हतं. येणाऱ्या खुर्चीची सही न्यायला आलेला माणूस करतो; तोच नाही, म्हणून मी तिच्याशेजारी चार तास उभा राहिलो. चार तासांत ती एकदाही रडली नाही.

म्हणून मुंगीने टोपीवाल्याचा फॉर्म घरी आणला तेव्हा मी तिचा पासपोर्ट कुलपात टाकला. वडील भाऊ आहे. डोळ्यांदेखत बहिणीला खड्ड्यात कशी जाऊ देईन?

एवढं सांगून मी थांबलो असतो तर फार चांगला माणूस दिसलो असतो. पण पुढचंही सांगायला हवं. आमचं घर दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत आई सहा वर्षं अंथरुणाला खिळलेली. तिची कूस बदलणं, पुसणं, भरवणं, रात्री हाक मारली की उठणं, सगळं मुंगीने केलं. मी दिवसभर दुसऱ्यांच्या आया ढकलायचो आणि घरी येऊन 'दमलो बुवा' म्हणत आडवा व्हायचो. आई गेली तेव्हा मुंगी एकतीस वर्षांची होती. महिन्याभरात मी तिचं लग्न ठरवून टाकलं. इथल्याच मालाच्या गोदामातला कारकून. बिजवर, दोन मुलं, घरात आजारी आई. माणूस चांगला. मुंगीला मी हे जेवताना सांगितलं. तिने पाण्याचा पेला खाली ठेवला आणि विचारलं, "त्यांच्या आईला उठता येतं का?" मला वाटलं, चौकशी करतेय म्हणजे पसंत आहे. असा मी बैल.

फोन खिशात टाकून मी वरच्या बोर्डाकडे पाहिलं. त्या देशाला दिवसातून एकच विमान जातं. गेट सतरा. दोन पन्नासला दार बंद. घड्याळात दोन बारा. माझ्या हातात खुर्ची, खुर्चीत मास्तर, आणि सही होईपर्यंत मास्तर म्हणजे माझ्या पायातली बेडी. त्यांना टाकून धावत गेलो असतो तर दोन वळणांवर कॅमेऱ्यात दिसलो असतो. मग त्यांना घेऊनच निघालो.

"मास्तर, जरा वेगळ्या रस्त्याने जाऊ."

"माझं विमान तिकडे आहे का?"

"वेळ आहे अजून."

"हे उत्तर नाही झालं," मास्तर म्हणाले.

लिफ्टपाशी आलो तर आत सफाईच्या गाड्या भरलेल्या. दुसरी लिफ्ट बंद. सरकत्या पट्ट्यांवर खुर्चीला बंदी. म्हणजे पूर्ण वळसा. डाव्या हाताला काचेची भिंत, काचेपलीकडे धावपट्टी, धावपट्टीच्या टोकाला समुद्र. समुद्राचं मीठ काचेवर इतकं चढतं की रोज धुतली तरी दुपारपर्यंत पांढुरकी होते. त्या पांढुरक्या काचेतूनही इमारतीच्या वळून समोर आलेल्या बाजूचं गेट सतरा दिसत होतं. पिवळ्या टोप्या मोजता येत होत्या. अकरा. दगड मारला असता तर लागला असता इतक्या जवळ. आणि चालत जायला पंधरा मिनिटं, कारण मधे दार नाही. या इमारतीत सगळं दिसतं आणि कुठेही जाता येत नाही. ज्याने ही बांधली त्याला एकदा यातच आठवडाभर कोंडायला हवं.

तिथे ढकलता ढकलता माझ्या डोक्यात ती कल्पना आली. मुंगी माझं ऐकणार नाही हे मला माहीत होतं. तिला ओढून नेता येणार नव्हतं. तिच्या पासपोर्टवर शिक्का बसला होता, तिकीट तिच्या नावावर होतं. पण ती पाच मिनिटं खुर्चीत बसली आणि 'मला उठवत नाही' म्हणाली, तर ती सी. कागद नाही. नाव कापलं. ना भांडण, ना आरडाओरड. नियमानेच उतरवली.

कंट्रोल रूमला आधी कळवलं की गेटवरची बाई तपासायला तयार राहते. म्हणून मी वॉकीटॉकीचं बटण दाबलं. कंट्रोल रूममध्ये एक बाई बसतात. त्यांना आमच्यापैकी कोणी पाहिलेलं नाही, फक्त आवाज येतो. आम्ही त्यांना आकाशवाणी म्हणतो.

"चोवीस बोलतोय. गेट सतराला खुर्ची, सी निघालीय. कागद नाही."

"सी? नक्की?"

"नक्की. उठवतच नाही."

"ठीक आहे. कळवते."

मास्तर पुढे बसून सगळं ऐकत होते. "कोणाला उठवत नाही?" त्यांनी विचारलं.

"आहे एक जण."

"तू फार घामाघूम झालायस. काखेत कापड कमी पडलंय तुला."

गेट सतराला पोचलो तेव्हा दोन एकतीस झाले होते. अकरा टोप्या एका ओळीत बसलेल्या. टोपीवाला पलीकडे कोणाशी तरी फोनवर बोलत होता. अकराही पासपोर्ट रबरबँड लावून त्याच्या काखेतल्या पाकिटात. मुंगी शेवटून दुसरी. मांडीवर आईची जुनी कापडी पिशवी. मला पाहून ती दचकली नाही.

"आलास," म्हणाली. मी भाजी घेऊन आलोय अशा सुरात.

मी मास्तरांना हाताला धरून शेजारच्या बाकावर बसवलं. "पाच मिनिटं, मास्तर." मग रिकामी खुर्ची मुंगीसमोर आणली.

"ऊठ. यात बस."

"कशाला?"

"आत्ता एक बाई येईल, विचारेल. उठवत नाही एवढंच म्हणायचं. बाकी मी बघतो."

"मला काय झालंय न उठवायला?"

"मुंगी, वेळ नाहीये. पाच मिनिटं खोटं बोल. नाव कापतील. संध्याकाळी घरी."

"घरी," ती म्हणाली. नुसतंच.

"तो गोदामवाला नको ना? नाही म्हणून सांगतो मी त्याला. मोडलं समज."

"ठरवलंस तू, मोडतोस तू. मी काय करू दादा, बाजूला उभं राहून टाळ्या वाजवू?"

शेजारच्या टोपीला हसू आलं. तिने तोंडावर पिशवी धरली. माझं डोकं फिरलं.

"तुला सांगितलंय ना मी त्या पोरीचं? या हातांनी ढकललीय तिला."

"सात वेळा सांगितलंयस."

"मग?"

"ती एक. चालत परत आल्या त्या किती?"

"मला काय माहीत."

"तेच तर. तुला खुर्चीतल्याच दिसतात. चालणाऱ्या तुझ्या काय कामाच्या?" मग तिने आवाज खाली आणला. "मला भीती वाटत नाही असं नाही. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, वहिनीला विचार. पण तिथे दोन वर्षांनी सोडणार असं निदान कागदावर लिहिलंय. तुझ्या घरात ते कुठे लिहिलं होतं?"

माणसाकडे बोलायला काही नसलं की त्याचे हात पुढे येतात. मी तिचं मनगट धरलं आणि तिला खुर्चीकडे ओढलं. आपल्या बहिणीला, दिवसाढवळ्या, शंभर माणसांत. तिने ओरडा केला नाही. पाय फरशीला रोवून फक्त उभी राहिली. एवढ्याशा अंगात सहा वर्षं आईला उचललेलं बळ होतं, हे मला तेव्हा कळलं.

"अरे, बाही जाईल तिची," मास्तर बाकावरून म्हणाले. "ती शिवण ओढ सहन करणारी नाही. सोड."

तेवढ्यात गेटवरची बाई टॅब घेऊन आली. "सी कोण आहे इथे?"

मी मुंगीकडे पाहिलं. मनगट माझ्या हातातच होतं. मुंगीने त्या बाईकडे तोंड केलं. "आमच्यात कोणी नाही, मॅडम. आम्ही सगळ्या चालणाऱ्या."

बाईने रिकामी खुर्ची पाहिली. बाकावर टेकून बसलेले मास्तर पाहिले. टॅबवर काहीतरी दाबलं आणि निघून गेली. मला वाटलं, झालं, फसलं. किती फसलं ते अजून कळायचं होतं.

बोर्डिंग सुरू झालं. टोपीवाला एकेकीला रांगेत उभं करू लागला. मुंगीने मनगट सोडवून घेतलं. त्यावर माझी चार बोटं उमटली होती. तिने बाही खाली ओढून ती झाकली.

"वहिनीला काही बोलू नकोस," ती म्हणाली. "तुझ्याखातर ती पासपोर्ट द्यायला नाही म्हणत होती कितीतरी दिवस. शेवटी मीच पाय धरले तिचे."

आणि रांगेत जाऊन उभी राहिली. दारातून आत जाताना टोपीवाल्याने तिच्या हातात पासपोर्ट दिला. ती आत गेल्यावर दारापलीकडे लगेच परत घेतला. काच होती ना, सगळं दिसतं.

मी तसाच उभा होतो तर खांद्यावरच्या वॉकीटॉकीतून आवाज आला.

"चोवीस, तुमची खुर्ची उतरवली. बॅग काढायला सांगितलीय. प्रवाशाला घेऊन खाली या."

"कुठली खुर्ची?"

"तुमच्याकडे किती आहेत?" तिने चिठ्ठीवरचं मास्तरांचं नाव घेतलं. "गेट एकतीस. तुम्हीच सांगितलंत ना, सी निघालीय, कागद नाही. सतराच्या बाईनेही पाहिलं, बाकावर बसवून ठेवलंयत म्हणाली."

आकाशवाणीने हवेत नाव घेतलं, यावरून ओळखा ती किती वैतागली असेल. मला मात्र एवढंच कळलं की एक शब्द गिळला होता. अकरा वर्षांत हजारो वेळा जो शब्द तोंडातून आपोआप बाहेर पडला, तो नेमका त्या दिवशी आला नाही. 'नवी खुर्ची' म्हणायचं होतं. मुंगीला नवी म्हणायला जीभ वळलीच नाही. जन्मापासूनची ती माझीच, माझ्याच खिशातली. तिची वेगळी नोंद करायची असते हे डोक्यातच आलं नाही.

मास्तर माझ्या तोंडाकडे बघत होते. "काय उतरवलं म्हणतेय ती?"

"तुम्हाला, मास्तर. विमानातून. माझ्या चुकीने."

"मी चढलोच कुठे अजून?"

त्यांच्या बाकासमोर मी उकिडवा बसलो. गप्प बसायचा रस्ता होता. म्हातारा माणूस, पाय लटपटले, नाव कापलं, उद्याच्या विमानाने जा. रोज होतं. कोणी विचारलं नसतं. वर माझ्या मनाने असंही घेतलं की हे बरंच झालं. मुलाकडे परदेशात जाऊन हा माणूस काय करणार, चार भिंतींत कोंडून पडणार. मी पुन्हा तेच करत होतो. दुसऱ्याचं ठरवत होतो.

"मास्तर," मी विचारलं, "तुम्हाला जायचंय का?"

"हा काय प्रश्न झाला? जायचं नसतं तर पँटला नवी इस्त्री कशाला केली असती?" त्यांनी पँटची घडी बोटांनी चेपली. "सुनेने कुठून तरी जुनं शिलाई मशीन आणून ठेवलंय. तेल घालायला कोणाला येत नाही म्हणे. आता तू मला उचलून नेणार आहेस की इथेच चहा पाजणार आहेस?"

मी बटण दाबलं.

"चोवीस बोलतोय. एकतीसचे मास्तर आर आहेत. सी नाहीत. चूक माझी आहे. ती खुर्ची दुसरी होती."

"दुसरी कोण?"

"नवी. माझी बहीण."

पलीकडे कीबोर्ड वाजला.

"तिची चिठ्ठी?"

"नाही."

"तिने खुर्ची मागितली होती?"

"नाही."

"मग तुम्ही कोणाला विचारून तिला सी केलंत?"

मी बटण सोडलं. तिने परत विचारलं नाही. फक्त म्हणाली, "मास्तरांची बॅग अजून काढलेली नाही. थांबवते. दहा मिनिटांत एकतीसला पोचा. तिथे तुमचा पास जमा करा."

मी धावलो. आम्हाला धावायची बंदी आहे, पण पासच जाणार म्हटल्यावर बंदी कसली. मास्तर दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे घट्ट धरून बसले होते. एकदाच बोलले. "वळणावर जरा हळू. मी सी होऊन पोचायचो नाहीतर."

गेट एकतीसला सही झाली. मास्तरांना आतला माणूस घेऊन गेला. जाताना त्यांनी माझा हात हातात घेतला नाही, आशीर्वाद दिला नाही, काही नाही. माझ्या कॉलरकडे पाहून मान हलवली आणि गेले. बरोबरच आहे. मी त्यांचं काय भलं केलं होतं?

तिथल्या गार्डने माझ्या गळ्यातला पास काढून घेतला. पास नाही म्हणजे या भागात मी आता कोणीच नाही. प्रवासी नाही, कामगार नाही. एकट्याने कुठलंही दार ओलांडायचं नाही, बाहेर जायचं तर सोबत माणूस लागतो, आणि तो माणूस चार वाजता मोकळा होणार होता.

"तोपर्यंत बसा इथेच," गार्ड म्हणाला. वयाने माझ्याएवढाच, सावकाश बोलणारा. बाक सगळे भरलेले. रिकामी होती ती माझीच खुर्ची. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिच्यात बसलो. बूड अर्धं खाली जातं आणि गुडघे वर येतात. असं वाटतं की कोणीतरी ढकलेपर्यंत आता काही खरं नाही.

काचेतून धावपट्टी दिसत होती. तीन विमानं रांगेत उभी. तिसरं मुंगीचं. मी एवढं रोखून बघत होतो की गार्डनेही मान वळवली.

"कोण आहे त्यात?"

"बहीण."

"कुठे चाललीय?"

मी देशाचं नाव सांगितलं.

"देश ठीक आहे. कुठल्या गावात? कोणाकडे?"

पंधरा दिवस मी घर डोक्यावर घेतलं होतं. टोपीवाल्याच्या सात पिढ्या उद्धारल्या. बायकोशी अबोला धरला. कपाटाला कुलूप घातलं. पण कुठल्या गावात, कोणाच्या घरी, कोणाची आई सांभाळायला, हे मी मुंगीला एकदाही विचारलं नव्हतं.

"घरी माहीत असेल," मी म्हणालो आणि बायकोला फोन लावला. तिने उचलला. मी शिव्या देईन याची वाट बघत असावी.

"गेली ती," मी म्हणालो. "चालत गेली. तुझ्याकडे तिचा पत्ता आहे का? तिथला?"

"आहे. लिहून दिलाय तिने."

"सांग. लिहून घेतो."

पलीकडे भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"तुम्हाला द्यायचा नाही म्हणाली," बायको म्हणाली. "मी शब्द दिलाय."

काचेपलीकडे पहिलं विमान सुटलं. मग दुसरं. मी फोन कानाला लावून बसलो होतो.

"मग तिला कळव," मी म्हणालो, "की मी विचारत होतो."

"कळवीन. पण ती देईलच असं नाही."

"मिळाला का पत्ता?" गार्डने विचारलं.

मी नाही म्हणून मान हलवली. तिसरं विमान वळलं, समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं, आणि निघालं. चारला अजून सतरा मिनिटं होती.